टाकीतला वरवंटा

पाण्यातली झाडं जगवायला लागतं काय? पाणी! आणि ते तर टाकीत आधीच भरलेलं असतं. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं निम्मं मी, मारुती सोनटक्के, सेक्शन ऑफिसर, केंद्र सरकारात एकतीस वर्षं नोकरी, डाव्या हातानं करून टाकीन! असं मी मे महिन्यात माझ्या मुलीला छाती पुढे काढून सांगितलं होतं.

रुचिरा म्हणाली, "बाबा, तुमच्या हातून कढीपत्ता गेला."

"कढीपत्ता गच्चीत होता. त्याला उन्हानं मारलं. पाण्यातल्या झाडाला ऊन कुठून लागणार?"

नाकाला ओढणी लावून ती हॉलच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. सातवा महिना चालू होता, गुरुग्रामहून तासभर गाडीत बसून आली होती, आणि आल्या आल्या तिला आमच्या टाकीचा वास लागला होता.

टाकी माझ्या बायकोची. लतिकाची. माझं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मासे बघत बसा, शांत वाटेल. लतिका दुसऱ्या दिवशी दोन फुटी काचेची टाकी, चार मासे आणि प्लास्टिकची गुलाबी झाडं घेऊन आली. माशांची नावं तिनंच ठेवली. मोठा काळा मोली तो जॉइंट सेक्रेटरी. त्याच्याहून लहान तो डेप्युटी सेक्रेटरी. दोन गप्पी ते अंडर सेक्रेटरी. म्हणाली, "ऑफिसात तुम्ही यांच्या मागे फिरता ना? घरी हे तुमच्या बोटामागे फिरतील. बघा प्रेशर कसं उतरतं ते!" आणि उतरलं!

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. तेव्हापासून टाकी माझ्याकडे आली. मासे मी चारही जगवले, हे आधी नोंदवून ठेवतो. फक्त टाकीचा दिवा मी कधी बंद केला नाही. आमचं आर. के. पुरमचं क्वार्टर तळमजल्याचं, बाहेर जांभळाचं मोठं झाड, दुपारी बारालाही हॉलमध्ये संध्याकाळ. त्यात घरात एक मी. निदान टाकीत तरी उजेड असावा, म्हणून दिवसरात्र चालू. परिणाम असा झाला, की काच हिरवी झाली, मग पाणी हिरवं झालं, मग गुलाबी झाडंही हिरवी झाली. जॉइंट सेक्रेटरी दिसायचा बंद झाला. खाणं टाकलं की कमी व्हायचं, त्यावरून तो सेवेत आहे असं मी धरून चालायचो.

"हे बघा बाबा," रुचिरा खिडकीतूनच म्हणाली, "सासूबाई म्हणताहेत की बारसं गुरुग्रामला हॉल घेऊन करू. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"हॉल? पहिलं बारसं माहेरी असतं! तुझ्या आईनं पाळण्याचा हूकसुद्धा बघून ठेवला होता!"

"म्हणूनच मला इथेच हवंय. पण या वासात मी बाळ आणणार नाही. ही टाकी स्वच्छ करा, नाहीतर सरळ कुणाला तरी देऊन टाका."

देऊन टाका! ती सहज बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ उघडला, बंद केला, परत आलो.

"जुलैपर्यंत टाकी आरशासारखी करतो," मी म्हणालो. "आणि प्लास्टिक नाही, खरी झाडं लावतो. खरी झाडं पाणी साफ ठेवतात, मी वाचलंय. टाकी स्वच्छ, तर बारसं इथे. मंजूर?"

"मंजूर," ती म्हणाली. "लेखी देऊ?"

माझीच मुलगी!

तर बारसं लतिकाच्या घरात करायचं होतं. आता मला घरात स्वस्थ बसवत नाही, हे आमच्या अख्ख्या ब्लॉकला माहीत आहे. रविवारी तर मी मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. त्या रविवारी मात्र मला काम होतं! मी मॅजेंटा लाइननं थेट बोटॅनिकल गार्डनला गेलो. नावावरून वाटलं, उतरल्या उतरल्या रोपं मिळतील. उतरलो तर समोर मॉल. मॉलमध्ये एका मुलीनं मला अत्तराचा फवारा मारला. तसाच घमघमत परत आलो.

सोमवारी मुनीरक्यातल्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव बलजीत. त्याला मोबाइलवर टाकीचा फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा केला, उलटा केला, मग माझ्याकडे बघितलं.

"बाऊजी, लाइट कितने घंटे जलती है?"

"चोवीस."

"चौबीस! मछली पाली है कि थाने में पूछताछ कर रहे हो?"

त्यानं मला सगळं समजावलं. शेवाळ उजेड खातं. उजेड तोडायचा. सकाळी दहाला दिवा लावायचा, चारला बंद. बास, सहा तास! आणि अशी झाडं घ्यायची ज्यांना उजेड लागतच नाही फारसा. त्यानं एक जुडी काढून हातावर ठेवली. लांब, गडद हिरवी पानं. काही पानांना तीन टोकं. "जावा फर्न. अंधेरे में भी खुश रहता है, बाऊजी."

अंधारात खूश राहणारं कुणीतरी मला घरी हवंच होतं. मी लगेच घेतलं.

टाकी रिकामी केली, काचा घासल्या. जॉइंट सेक्रेटरी सुखरूप सापडला, थोडा जाडही झाला होता. आता लावणी! मी सांगलीकडच्या शेतकऱ्याचा नातू. रोप म्हटलं की माती, आणि माती म्हटलं की खत, हे मला शिकवावं लागत नाही. मेलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीतली माती घेतली, तळाला चांगली चार बोटं पसरली, फर्न मुळापर्यंत पुरलं, वरून दाबलं आणि पाणी सोडलं.

पाण्याचा चहा झाला! उकळलेला, दूध न घातलेला चहा! चारही अधिकारी बेपत्ता! दोन दिवस मी टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो. तिसऱ्या दिवशी गाळ खाली बसला, चौथ्या दिवशी फर्न काळं पडलं, आणि आठवड्यानं मी बलजीतसमोर कुजकी जुडी घेऊन उभा होतो.

"गाड़ दिया?" त्यानं कपाळावर हात मारला. "बाऊजी, ये मोटी डंडी देख रहे हो? यही इसकी जान है. मिट्टी में दबाई तो गल जाएगी. इसको पत्थर पे बाँधना होता है, धागे से. दो महीने में खुद पत्थर पकड़ लेगा. और पत्थर काला लाना, सख़्त. संगमरमर मत उठा लाना, चूना छोड़ता है."

नवी जुडी घेऊन मी दगड शोधायला निघालो. दिल्लीत दगड मिळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. विटा मिळतात, फरशा मिळतात, फूटपाथचे तुकडे मिळतात. बागेत एक बरा दगड दिसला, तो उचलला तर शेजारी बसलेलं कुत्रं माझ्यामागे सेक्टर संपेपर्यंत आलं. शेवटी घामाघूम होऊन घरी आलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, आणि ओट्याखाली बघतो तर काय! काळा, कडक, गुळगुळीत, हातभर लांब. लतिकाचा वरवंटा!

मिक्सर आल्यापासून पाटा-वरवंटा ओट्याखालीच पडून होता. कुणाच्या कामाचा नव्हता. माझ्या कामाचा होता! मी तो कढत पाण्यानं तीनदा धुतला. राहिला धागा. लतिकाचा शिवणाचा डबा कुठे असतो, हे विचारायची माझ्यावर चौदा महिन्यांत वेळच आली नव्हती. आता आली, तर विचारणार कुणाला? सगळी कपाटं उघडली, सगळी बंद केली. शेवटी देवाच्या खणात लाल-पिवळ्या धाग्याची गुंडी सापडली. पूजेला मनगटावर बांधतात तो. धागा तो धागा! वरवंट्याच्या डोक्यावर फर्न ठेवलं, सात वेढे दिले, घट्ट गाठ मारली, आणि आडवा ठेवला तर जागा फार खातो म्हणून टाकीच्या मधोमध उभा केला. भोवती गोटे लावले, हलू नये म्हणून.

लाल रंग सुटून पाण्याचं गुलाबाचं सरबत झालं, पण ते मी मनावर घेतलं नाही. दोनतीनदा पाणी बदललं. जूनअखेर टाकी अशी झाली, की वर्तमानपत्र टाकीच्या मागे धरावं आणि पुढून वाचावं! फर्न हिरवंगार. अधिकारी पानांतून ये-जा करताहेत. रुचिराला व्हिडिओ कॉल लावला.

"अरे वा, बाबा! मस्त! बिल्कुल प्रोफेशनल!"

"मग? हॉल रद्द?"

"रद्द!"

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण जुलै आला. संसदेचं अधिवेशन तोंडावर आलं, ऑफिसात रजा बंद झाल्या, टाकीसाठी काढलेली माझी रजाही संपली, आणि सकाळी आठला घर सोडायची वेळ आली. मग दहाला दिवा लावणार कोण, चारला बंद करणार कोण? मी वरच्या मजल्यावरच्या सरोजभाभींना किल्ली दिली. सरोज त्रिपाठी, गाव बनारसजवळ, स्वभाव मोकळा, आवाज त्याहून मोकळा.

"बिल्कुल चिंता मत कीजिए, सोनटक्केजी. बत्ती भी देख लूँगी, और आपका दूध भी उबाल के रख दूँगी."

किल्ली दिली तो सोमवार होता. मी आपला निर्धास्त ऑफिसला गेलो. घरी आमचं मराठी कॅलेंडर लागतं. त्यात आषाढ चालू होता, श्रावणाला चांगले अकरा दिवस अवकाश होता. आता मला सांगा, तीस वर्षं दिल्लीत राहून मला हे आठवायला नको होतं का? इकडच्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो! माझ्या घरी आषाढ होता. वरच्या मजल्यावर सावनचा पहिला सोमवार होता!

संध्याकाळी सातला घरी आलो, तर दाराबाहेर चपलांचे आठ जोड. आत टाळ्या आणि भजन. मला वाटलं, दार चुकलं. पाटी बघितली. पाटी माझीच! आत शिरलो. हॉलमध्ये सतरंजी घालून आठ बायका बसलेल्या, टाकीसमोर उदबत्ती, टाकीवर झेंडूची माळ, आणि टाकी पांढरी! चुन्यासारखी पांढरी! मधोमध वरवंट्याचं काळं डोकं, त्याला लाल धागा, त्यावर तीन टोकांची हिरवी पानं.

त्या क्षणी मला प्रथमच दिसलं, की मी काय उभं करून ठेवलं होतं.

"आइए, आइए!" सरोजभाभी उठल्या. घाईघाईनं म्हणाल्या, "आज सावन का पहला सोमवार है ना! तो हमने महादेव का दूध से अभिषेक कर दिया. कितनी सुंदर स्थापना की है आपने! चारों तरफ़ जल, ऊपर बेलपत्र!"

"भाभीजी, वो..."

"लतिका भाभी के जाने के बाद आपने मन भगवान में लगाया. बहुत अच्छा किया." त्यांनी डोळ्याला पदर लावला. बाकीच्या सात जणींनीही लावला.

आता सांगा! आठ बायका डोळे पुसत असताना कुठल्या तोंडानं सांगायचं, की बायांनो, हा महादेव नाही, यानं आम्ही चटणी वाटायचो? सरकारी नोकरीत एक शिकलो आहे. काय बोलावं कळत नसेल, तर चहा सांगावा. मी आत गेलो आणि आठ कप चहा टाकला. दुसऱ्या गॅसवरचं दुधाचं पातेलं का कोण जाणे रिकामंच होतं. कोरा चहा केला. बायकांनी तोही गोड मानून घेतला.

त्या गेल्या आणि मी बादली घेऊन धावलो! अंडर सेक्रेटरी दोघंही वर येऊन तोंड उघडझाप करत होते. चौघांना बादलीत काढलं, बलजीतला फोन लावला.

"दूध?" तो ओरडला. "टंकी में दूध? मछली पालनी है कि खीर बनानी है? सारा पानी निकालो! अभी!"

एक बरं झालं. मासे वाचले, आणि जावा फर्नला तर काही फरकच पडला नाही. त्याला मातीत पुरलं की मरतं, दुधात बुडवलं की जगतं. वर नवीन पान!

पुढच्या सोमवारी मी तयारीत होतो. टाकीसमोर पितळेचं ताम्हन ठेवलं आणि सांगितलं, "भाभीजी, दूध यहाँ. अंदर सिर्फ़ जल." सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे ही पद्धत आता मीच अधिकृत केली! त्याच सोमवारी दुपारी गुरुग्रामहून अंशुमनचा, माझ्या जावयाचा, फोन आला. मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप!

मी आनंदाच्या भरात ही बातमी संध्याकाळी भजनात सांगितली. ही माझी घोडचूक!

"महादेव ने नातिन दी!" सरोजभाभींनी हात जोडले. झालं! तिसऱ्या सोमवारी चपलांचे चोवीस जोड! सेक्टर आठहून बायका आल्या. एक केरळच्या बाई शहाळं घेऊन आल्या. एकीनं मुलाच्या परीक्षेचं हॉल तिकीट टाकीला लावून नेलं. आणि कुणीतरी फोटो काढून कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हमारे ब्लॉक के जल-महादेव.'

त्या ग्रुपवर रुचिरा अजून आहे. ती इथेच वाढली ना! गुरुवारी तिचा फोन आला.

"बाबा, आपल्या हॉलमध्ये देऊळ झालंय?"

"तसं नाही गं. सोमवारपुरतंच."

"मी फोटो झूम केला. बाबा, तो आईचा वरवंटा आहे?"

"तो पडूनच होता ओट्याखाली! मिक्सर आल्यापासून..."

"बाबा! रविवारी बारसं आहे! पाळण्यात बाळाच्या आधी काय घालतात?"

मला खरंच माहीत नव्हतं. बारशात पुरुषांचं काम बाहेरच्या खोलीत बसून घुगऱ्या खायचं. मी आयुष्यभर तेवढंच केलं होतं.

"वरवंटा घालतात, बाबा! त्याला आंघोळ घालून, कुंची घालून! तो पाळण्याखालून देतात, वरून घेतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. माझ्या बारशाला आईनं तोच घेतला होता, सांगलीहून ट्रेनमधून आणलेला. मला तोच हवा. दुसरा नको."

"मिळेल. मिळेल तोच."

"आणि घ्या-द्या करायला बायका कुठून आणणार? नाशिकच्या मामीचे गुडघे दुखताहेत, ती येत नाही. सासूबाई म्हणतात, हॉलवाल्यांच्या पॅकेजमध्ये सगळं असतं. पाळणा, फुलं, गाणाऱ्या बायकासुद्धा!" तिचा आवाज बारीक झाला. "त्यांनी हॉल शनिवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवलाय. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही."

ती रागावली असती तर परवडलं असतं!

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. महादेव बाहेर काढला, तर चोवीस बायका माझं तोंड बघणार नाहीत, आणि उद्या भेटल्या तर रस्ता बदलतील. नाही काढला, तर माझी नात हॉलमध्ये भाड्याच्या बायकांच्या हातून पाळण्यात जाणार. एकदा वाटलं, बाजारातून दुसरा वरवंटा आणावा आणि गुपचूप अदलाबदल करावी. आणलाही! तो निघाला पांढरट गुलाबी. महादेव एका रात्रीत गोरा कसा झाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शनिवारी सकाळी निश्चय केला. दार लावलं. बाह्या वर केल्या. हात घालून वरवंटा बाहेर काढला, धागा कापला आणि फर्न ओढलं. निघेना! आणखी ओढलं. निघेना! बलजीतचा शब्द खरा झाला होता, मुळांनी दगड पकडला होता. रिटायर झालेला माणूस सरकारी क्वार्टर जसं धरून ठेवतो, तसं त्यानं वरवंट्याला धरलं होतं. एक पान तुटून हातात आलं. आणखी जोर लावला असता, तर सगळंच फाटलं असतं, आणि ते माझ्याच्यानं होईना. दोन महिने सांभाळलं होतं मी ते.

म्हटलं, राहू दे झाड. कुंची घातल्यावर दिसतंय का ते बघू. वरवंटा टॉवेलनं पुसला, मांडीवर घेतला. रुचिरानं पाठवलेली जरीची कुंची काढली, पानं आत दुमडली, कुंची वर चढवली आणि हनुवटीखाली, म्हणजे असती तर जिथे असती तिथे, बंद बांधायला लागलो. पानं समोरून बाहेर येत होती. मी ती आत ढकलत होतो आणि तोंडानं म्हणत होतो, "अरे थांब ना, थांब ना जरा!"

आणि दार उघडलं. किल्ली सरोजभाभींकडे होती, हे मी साफ विसरलो होतो!

त्या दारात. मी सोफ्यावर. माझ्या मांडीवर महादेव, त्याच्या डोक्यावर कुंची.

"सोनटक्केजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तबीयत तो ठीक है?"

मी उठलो, वरवंट्यासकट. आणि सगळं सांगून टाकलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. हा महादेव नाही, वरवंटा आहे. यानं चटणी वाटायचो. दगड मिळाला नाही म्हणून घेतला, धागा मिळाला नाही म्हणून पूजेचा बांधला. उद्या नातीचं बारसं आहे, हा पाळण्यात घालायचा आहे, नाहीतर बारसं हॉलमध्ये जाईल. "माफ़ कर दीजिए भाभीजी, मैंने आप सबको फँसाया."

सरोजभाभी खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. तर त्या हसत होत्या!

"अरे, बट्टा है, यह क्या हमें नहीं पता? सिल-बट्टा किसके घर में नहीं होता? मैं तो पहले ही दिन पहचान गई थी!"

"मग ते... वो अभिषेक?"

आता त्या लाजल्या. "वो अभिषेक नहीं था. आपका दूध उबाल के ला रही थी, सोचा पहले बत्ती बंद कर दूँ. भगोना हाथ से छूटा और सारा दूध टंकी में! मेरे तो प्राण सूख गए. लतिका भाभी की मछलियाँ! इतने में पड़ोस की गुप्ताइन अंदर आ गई, बोली, हाय, यह क्या किया? मेरे मुँह से निकल गया, अभिषेक. अब उसने जाके सबको बता दिया. मैं क्या करती? जल्दी-जल्दी माला लाई, अगरबत्ती लाई..."

"आणि बाकीच्या? बाकी सब?"

"सब जानती हैं. पहले सोमवार तो सब यही देखने रुकी थीं कि आप आके कितना चिल्लाते हैं. आप चिल्लाए ही नहीं, चाय ले आए! साल भर से आपने किसी को दरवाज़े के अंदर नहीं आने दिया था. हम दो बार खाना लेके आए, आपने बाहर से ही नमस्ते कर दी. फिर सबने कहा, चलो, दरवाज़ा खुला है तो अगले सोमवार भी चलते हैं."

मी वरवंटा टेबलावर ठेवला. काय बोलावं कळेना. म्हणून चहाला उठलो.

"चाय रहने दीजिए," त्या म्हणाल्या. "यह बताइए, कल कितनी औरतें चाहिए?"

मी लगेच रुचिराला फोन लावला आणि म्हणालो, "हॉल सोडून दे. बायका मिळाल्या." ती म्हणाली, "किती?" मी म्हणालो, "चोवीस. कमी करता आल्या तर बघतो."

रविवारी बारसं झालं. माझ्या घरी, लतिकानं बघून ठेवलेल्या हुकाला पाळणा टांगून. पाळण्याच्या एका बाजूला सरोजभाभी, दुसऱ्या बाजूला केरळच्या बाई. मधून वरवंटा फिरत होता आणि चोवीस गळे ओरडत होते, "कोई गोविंद लो! कोई गोपाल लो!" मी या वेळी बाहेरच्या खोलीत बसलो नाही. तसं बसायला जागाच नव्हती. नातीचं नाव स्वानंदी ठेवलं. रुचिरा टाकीजवळ बराच वेळ उभी राहिली. या वेळी नाकाला ओढणी नव्हती. तिनं जॉइंट सेक्रेटरीला बोट दाखवलं आणि तो तिच्या बोटामागे गेला.

एकच गोष्ट जरा गडबडीची झाली. कुंचीतून तीन टोकांचं एक पान शेवटपर्यंत बाहेर डोकावत राहिलं. रुचिराच्या सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. गुरुग्रामच्या महाराष्ट्र मंडळात त्यांचा शब्द चालतो.

"सोनटक्के, हे वरवंट्याला पान कसलं?"

एवढ्या बायकांसमोर सगळी गोष्ट पहिल्यापासून कोण सांगणार? मी म्हणालो, "आमच्याकडे असंच असतं."

"सांगलीकडे?"

"हो."

"छान आहे हो पद्धत!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोटो काढला.

मागच्या आठवड्यात माशांचं खाणं आणायला मुनीरक्याला गेलो होतो. बलजीत काउंटरवरून वाकून म्हणाला, "बाऊजी, आप मराठी हो ना? एक बात बताओ. चार मराठी फ़ैमिली आ चुकी हैं. सब बोलते हैं, वो तीन नोक वाला पौधा दो, बच्चे का नाम रखना है. मैंने पूछा, टंकी कितने फुट की है? बोले, टंकी नहीं है जी, पालना है! ये कोई पुरानी रस्म है आप लोगों में?"

"बहुत पुरानी," मी म्हणालो, आणि खाण्याचा डबा घेऊन जरा घाईनंच बाहेर पडलो.